निळ्या अंड्याचे मानकरी

चिलीच्या दक्षिण भागात, बिओबिओ नदीच्या पलीकडे मापुचे लोकांच्या वस्त्या आहेत आणि त्यांच्या परसात फिरणाऱ्या कोंबड्यांपैकी कित्येक आकाशी किंवा हिरवट निळी अंडी देतात. जगाच्या कुक्कुटशास्त्राला या अंड्यांची ओळख पटली ती साल्वादोर कास्तेल्यो या स्पॅनिश प्राध्यापकामुळे. बार्सिलोनाजवळच्या अरेन्यिस दे मार येथे ते कुक्कुटपालनाची शाळा चालवत. 1914 मध्ये ते चिलीला गेले, तिथल्या कोंबड्या पाहून चकित झाले आणि 1921 मध्ये हेग शहरात भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांनी या पक्ष्यांवर निबंध सादर केला. तेव्हापासून निळ्या अंड्याचा इतिहास दोनच प्रकारे सांगितला जातो. कोणी सांगतो की हा कोलंबसाच्या आधी प्रशांत महासागर ओलांडून आलेल्या आशियाई कोंबडीचा अवशेष आहे. कोणी सांगतो की ही विसाव्या शतकातल्या हौशी पैदासकारांनी घडवलेली जात आहे. पहिल्या कथेचे नायक दर्यावर्दी, दुसरीचे नायक प्रदर्शनांत चषक जिंकणारे गृहस्थ. माझ्या मते दोन्ही कथा मुख्य माणसांना वगळतात. निळे अंडे जन्माला आले ते योगायोगाने, पण टिकले ते खुडूक कोंबडीखाली कोणती अंडी ठेवायची हे ठरवणाऱ्या घरांमुळे. हे काम मापुचे घरांत बहुतेक बायकांकडे असे. त्यांनी वह्या ठेवल्या नाहीत, म्हणून त्यांचे काम इतिहासात आले नाही. मात्र त्या कामाचा पुरावा कोंबडीच्या शरीरातच उरलेला आहे आणि तो वाचता येतो.

आधी अंड्याचा रंग कसा येतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. अंडे घडायला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातला मोठा वेळ, सुमारे वीस तास, ते कवच तयार करणाऱ्या ग्रंथीत असते. तपकिरी अंड्यावर जो रंग दिसतो तो शेवटच्या काही तासांत वरून चढतो. त्यामुळे तपकिरी अंडे फोडले तर कवच आतून पांढरेच निघते. निळ्या रंगाचे तसे नाही. बिलिव्हर्डिन नावाचे पित्तातले रंगद्रव्य कवच घडत असतानाच त्यात मुरत जाते, म्हणून निळे अंडे आतूनही निळेच असते. एकाच कोंबडीत दोन्ही रंग उतरले की निळ्यावर तपकिरी थर बसतो आणि अंडे हिरवे दिसते. पांढऱ्यापासून गडद ऑलिव्हपर्यंतच्या सगळ्या छटा या दोन द्रव्यांच्या कमीजास्त प्रमाणातून निघतात. हा निळेपणा खाण्यातून येत नाही, मातीतून येत नाही, तो वारशाने येतो. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की तो एकाच जनुकाचा खेळ आहे आणि ते जनुक प्रभावी आहे. आईकडून किंवा बापाकडून एक प्रत मिळाली तरी मुलगी निळे अंडे देते.

ते जनुक नेमके काय आहे हे कळायला आणखी ऐंशी वर्षे लागली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडा केला की यामागे एक विषाणू आहे. कोंबड्यांच्या जनुकसंचात फार पूर्वी घुसून तिथेच वस्तीला राहिलेला एक रेट्रोव्हायरस आहे. त्याची एक प्रत यकृतात पित्तक्षारांची ने-आण करणाऱ्या एका जनुकाच्या तोंडाशी येऊन बसली आणि एरवी यकृतापुरते काम करणारे ते जनुक कवचाच्या ग्रंथीतही जागे झाले. रोग नाही, अपाय नाही, फक्त कवचाचा रंग बदलला. चीनमधल्या जियांगशी प्रांतातल्या दोंगशियांग आणि हेनान प्रांतातल्या लुशी या कोंबड्याही निळी अंडी देतात. त्यांच्यातही तोच विषाणू त्याच जनुकाजवळ सापडला. मात्र चिनी कोंबड्यांत तो जिथे बसला आहे आणि चिलीच्या कोंबड्यांत जिथे बसला आहे, त्या दोन जागांमध्ये थोडे अंतर आहे. अंतर अगदी किरकोळ, डीएनएच्या काही अक्षरांचे. पण निर्णय द्यायला ते पुरेसे आहे. एकाच पूर्वज कोंबडीकडून वारसा आला असता तर जागाही एकच असती. याचा अर्थ असा की ही घटना पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या वेळी, एकमेकींशी संबंध नसताना घडली.

आशियाई मूळ सांगणाऱ्यांचा सर्वांत लाडका पुरावा इथे निकालात निघतो. चीनमध्ये निळे अंडे, चिलीत निळे अंडे, म्हणून मधला समुद्र कोणीतरी ओलांडला असणार, हा तर्क मोहक होता, पण रंग सारखा असणे म्हणजे नाते असणे नव्हे. उलट उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. झाबुआ भागात भिल्ल आणि भिलालांनी सांभाळलेला कडकनाथ आतून बाहेरून काळा असतो, आणि 2018 मध्ये त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी, आणि दोंगशियांगसुद्धा अशाच काळ्या मांसाच्या कोंबड्या आहेत. या काळेपणामागे जनुकसंचातली जी गुंतागुंतीची उलथापालथ आहे ती या जातींत एकसारखीच आढळते. म्हणजे काळेपणा एकदाच उपजला आणि माणसांबरोबर देशोदेशी गेला. काळ्या मांसाबद्दल नात्याचा दावा करता येतो, निळ्या कवचाबद्दल येत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच विलक्षण वाटतात. कोणते साम्य रक्ताचे आणि कोणते योगायोगाचे हे फक्त आतली रचना सांगते.

यावर कोणी म्हणेल की अंड्याचा रंग बाजूला ठेवा, हाडांचे काय? हा आक्षेप गंभीर आहे. चिलीच्या अरौको द्वीपकल्पावर एल अरेनाल या ठिकाणी उत्खननात कोंबडीची हाडे सापडली. अ‍ॅलिस स्टोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये जाहीर केले की त्यातले एक हाड चौदाव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीचे आहे आणि त्याचा डीएनए पॉलिनेशियातल्या प्राचीन कोंबड्यांशी जुळतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हरकत घेतली की जो डीएनए-क्रम जुळतो तो जगभरच्या कोंबड्यांत सर्रास सापडतो, आणि कोंबडीने समुद्रातले अन्न खाल्ले असेल तर कार्बन कालमापन हाडाला खरे वय असते त्यापेक्षा जुने दाखवते. स्टोरींच्या गटाने आहाराचे पुरावे देऊन उत्तर दिले. 2014 मध्ये आणखी एका गटाने पॅसिफिक बेटांवरच्या प्राचीन हाडांचा पुन्हा अभ्यास करून दक्षिण अमेरिकेशी दुवा नाही असे मत मांडले. पॉलिनेशियन दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले असतील यात अशक्य काही नाही. रताळे त्या खंडातून पॉलिनेशियात पोचलेच होते. मात्र माझ्या मुद्द्यासाठी या वादाचा निकाल लागायची गरज नाही. समजा, कोंबडी आधी आली होती. तरी ती निळे अंडे घेऊन आली हे त्यातून सिद्ध होत नाही. समजा, ती स्पॅनिशांबरोबरच आली. तरी स्पेनमधल्या कोंबड्यांत हा निळा रंग नव्हता. दोन्ही पर्यायांत निळे अंडे चिलीतच उपजले असण्याची शक्यता सर्वांत अधिक, आणि मग खरा प्रश्न उरतो तो त्याच्या टिकण्याचा.

चिलीत कोंबड्या किती थोड्या संख्येपासून वाढल्या याची एक नोंद फार बोलकी आहे. 11 सप्टेंबर 1541 रोजी स्थानिक योद्ध्यांनी सात महिन्यांपूर्वी वसवलेले सान्तियागो जाळले. पेद्रो दे वाल्दिव्हियाने पुढे 1545 मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात नुकसानीचा हिशेब दिला आहे. त्यात वाचलेल्या पशुधनात मोजकी डुकरे, एक कोंबडी आणि एक कोंबडा एवढेच होते, आणि बियाण्याला ओंजळ-दोन ओंजळी गहू. इनेस दे सुआरेस या बाईने ही उरलीसुरली जनावरे सांभाळून वाढवली असे इतिहासकार सांगतात. पुढे पेरूहून जहाजे आली, त्यांतून आणखी पक्षी आले असतील. तरीही एवढ्या लहान कळपात एखादे दुर्मिळ लक्षण अचानक सगळीकडे दिसू लागणे सहज शक्य असते. दुसरी गोष्ट सीमेची. 1598 मध्ये कुरालाबाच्या लढाईत मापुचेंनी स्पॅनिश गव्हर्नरला ठार केले आणि पुढच्या काही वर्षांत बिओबिओच्या दक्षिणेची सात स्पॅनिश शहरे ओस पडली. 1641 च्या किलिन येथील तहात त्या नदीला सीमा म्हणून मान्यता मिळाली. चिलीच्या सैन्याने तो प्रदेश पूर्णपणे ताब्यात घेतला तो थेट 1883 मध्ये. जवळजवळ तीनशे वर्षे तिथल्या कोंबड्या कोणाच्या जहागिरीत नव्हत्या, त्या मापुचे घरांच्या परसात होत्या.

आता टिकण्याचा प्रश्न. शास्त्राचा जाणकार इथे लगेच म्हणेल की यात निवडीचा संबंधच काय? जनुक प्रभावी आहे, निरुपद्रवी आहे, लहान कळपात योगायोगाने पसरले आणि राहिले. माणसाने काहीच केले नसेल. हा आक्षेप मला सर्वांत बलवान वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. योगायोगाने लक्षण वर येते हे खरे, पण त्याच योगायोगाने ते खालीही जाते. त्यातच सीमा असली तरी व्यवहार थांबले नव्हते. मापुचे पोंचो आणि जनावरे देत, लोखंड, दारू घेत, लुटीतही पशुधन इकडून तिकडे जाई. बाहेरचा कोंबडा कळपात आला आणि त्याच्यात निळ्या रंगाचे जनुक नसले की त्याच्या पिलांत त्या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर येते. असे पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले तर रंग पातळ होत होत नाहीसा व्हायला हवा. जनुकाचा प्रभावीपणा त्याला दिसण्यापुरता उपयोगी पडतो, त्याची संख्या वाढवत नाही. तीन-चार शतकांच्या येण्याजाण्यानंतरही इतक्या परसांत निळी अंडी सापडतात, याला नुसता योगायोग पुरत नाही.

मग निवड कशी झाली असेल? इथे एक अडचण पुढे येते आणि त्या अडचणीतच उत्तर आहे. कोंबडा अंडे देत नाही. त्याच्या अंगात निळ्या रंगाचे जनुक आहे की नाही हे त्याच्या तुऱ्यावरून, पिसांवरून, चालीवरून काही कळत नाही. प्रदर्शनासाठी पक्षी पोसणारा माणूस कोंबडा पाहून निवडतो, आणि या लक्षणाच्या बाबतीत त्याची नजर निरुपयोगी ठरते. पण कोंबडी खुडूक बसली आणि तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची वेळ आली की टोपलीतल्या अंड्यांतून ती निवडावी लागतात. ज्या घरात निळी तेवढी बसवायला काढली, त्या घरात प्रत्येक पिलाची आई निळे अंडे देणारी होती हे आपोआप ठरले. कोंबडा कुठलाही असो, त्या पिलांपैकी किमान निम्म्यांत जनुक उतरणारच. पुढच्या पिढीत पुन्हा तेच केले की प्रमाण वाढत जाते. वंशावळ नको, पिंजरे नकोत, कोंबड्याची पारख नको. परसातल्या पद्धतीत हे लक्षण सांभाळणे इतके सोपे आहे आणि पैदासकाराच्या पद्धतीत इतके अवघड, की ते कुठे टिकले असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. टोपलीतले सगळ्यांत सुंदर अंडे खायला न घेता बसवायला ठेवणे ही माणसाची अगदी स्वाभाविक कृती आहे. दुसरीकडे ज्यांनी फक्त पांढरी-तपकिरी बसवली त्यांच्याकडे निळा रंग विरळ झाला असेल, आणि अशी घरेही होतीच. सगळ्यांनी एकच आवड जपली असा माझा दावा नाही. पुरेशा घरांनी जपली, एवढेच पुरे.

या तर्काला कोणी निव्वळ अनुमान म्हणेल, तर त्याच कोंबड्यांतल्या दुसऱ्या लक्षणाकडे बोट दाखवता येते. मापुचे कोंबड्यांपैकी काहींच्या कानांजवळ, गालाच्या दोन्ही बाजूंना, पिसांचे झुबके असतात. आनुवंशशास्त्राच्या दृष्टीने हे झुबके फार महागडे आहेत. त्यांच्या जनुकाच्या दोन प्रती एका पिलात आल्या तर ते उबवणीच्या अखेरच्या दिवसांत, कवचातच मरते. एकच प्रत असलेल्यांपैकीही काही दगावतात. कोंबडा आणि कोंबडी दोघेही झुबकेदार असले तर चौथा हिस्सा अंडी हमखास वाया जातात. निसर्गाच्या हाती सोडले असते तर असे लक्षण काही पिढ्यांत पुसले गेले असते. ते राहिले, कारण कोणाला तरी ते हवे होते आणि त्यासाठी पिलांचा तोटा सोसायची तयारी होती. बिनशेपटीच्या कोंबड्यांबद्दल कोणी म्हणते की शेपूट नसल्याने कोल्ह्याच्या तोंडून सुटका होते, म्हणजे तिथे निसर्गाची निवड असू शकेल. कानांजवळच्या झुबक्यांबद्दल असे काही सांगता येत नाही. मापुचे भाषेत बिनशेपटीच्या पक्ष्याला कोयोन्का आणि झुबकेदाराला केत्रो अशी वेगळी नावे आहेत. ज्या समाजाने झुबक्यांसाठी पिले गमावली आणि आपल्या कोंबड्यांची अशी वर्गवारी केली, त्याने निळ्या अंड्याकडे मात्र दुर्लक्ष केले असे मानणे मला अशक्य वाटते.

आता दुसऱ्या कथेकडे, पैदासकारांच्या. तिच्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रुबेन बुस्तोस या चिलीच्या पैदासकाराने मापुचे वस्त्यांतून पक्षी मिळवले आणि कोयोन्का व केत्रो यांचा संकर करून बिनशेपटीचा, झुबकेदार आणि निळे अंडे देणारा पक्षी एकत्र आणला. कास्तेल्यो यांनी तोच कळप पाहिला आणि ती चिलीची मूळ रानजात आहे असे समजून तिला स्वतंत्र प्रजातीचे लॅटिन नावही दिले. पुढे 1924 च्या बार्सिलोना परिषदेत त्यांनी आपले मत सुधारले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पण पहिली बातमीच जगभर गेली. एप्रिल 1927 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने कोंबड्यांच्या जातींवरच्या लेखात हे पक्षी रंगीत चित्रासह छापले आणि अमेरिकेत मागणी सुरू झाली. इंग्लंडमध्ये वनस्पतींच्या शोधात चिलीला गेलेल्या क्लॅरेन्स एलियट यांच्यामार्फत काही कोंबड्या केंब्रिजला पनेट यांच्याकडे पोचल्या. तिथे पनेट आणि मायकल पीझ यांच्या प्रयोगांतून क्रीम लेगबार तयार झाली. तिची पिले अंड्यातून निघताच नर-मादी ओळखता येतात आणि अंडी निळी असतात. ब्रिटनच्या दुकानांत वेगळ्या खोक्यांत मिळणारी निळी अंडी बहुतांशी या वंशातलीच. मधल्या काळात या अंड्यांत कोलेस्टेरॉल कमी असते अशी जाहिरातही पसरली. 1970 च्या दशकातल्या तपासण्यांत ते खरे ठरले नाही, आणि कवचाच्या रंगाने बलकात काय फरक पडणार होता?

पैदासकार नसते तर निळे अंडे हरवले असते, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की त्यांच्याकडे ते पोचायच्या आधीची सगळी शतके त्यांच्याशिवायच गेली. त्यांनी लक्षण घडवले नाही, एका ठरावीक देहात बसवले, आणि बसवताना बाकीचे गाळले. असे गाळणे नवे नाही. जगभरच्या कोंबड्यांचे पिवळे पाय घ्या. कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली, हे डार्विनचे मत बरीच वर्षे पुरेसे मानले गेले. 2008 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की पिवळ्या कातडीचे जनुक आले ते राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलात पहाटे ओरडणाऱ्या त्या पक्ष्याकडून. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या कुठल्याशा वस्तीत रानकोंबडा गावरान कोंबड्यांत मिसळला, कोणीतरी ती पिले ठेवली, आणि आज जगातल्या असंख्य खुराड्यांत ते पिवळे पाय आहेत. त्या वस्तीचे नाव कोणत्याही जातीच्या व्याख्येत नाही. मापुचे घरांचेही तसेच झाले, फरक इतकाच की इथे आपण प्रदेश आणि लोक दोन्ही ओळखू शकतो, आणि तरीही श्रेय दुसऱ्यांना देतो.

व्याख्यांचा गोंधळ पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने 1976 मध्ये अरौकाना जातीची जी व्याख्या मान्य केली ती बिनशेपटीच्या, झुबकेदार पक्ष्याची आहे, म्हणजे बुस्तोस यांच्या संकराची. शेपटी आणि दाढी असलेल्यांना 1984 मध्ये अमेरौकाना हे वेगळे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये मात्र अरौकाना म्हणजे शेपटीचा, दाढीचा पक्षी. नाव तेच, पक्षी निराळा. आणि तेमुकोच्या परिसरातल्या एखाद्या मापुचे परसातली, शेपूट असलेली, झुबके नसलेली, पण रोज निळे अंडे देणारी कोंबडी अमेरिकेतल्या प्रदर्शनात नेली तर तिला तिच्याच लोकांच्या कोंबड्यांपासून घडलेल्या जातीच्या रांगेत उभे राहता येणार नाही, नियमांप्रमाणे ती बाद ठरेल. जातीची व्याख्या ही सोय आहे, तिला इतिहासाचा पुरावा मानणे चूक आहे. अरौकानाच्या मूळ स्थानाबद्दल लिहिताना सुरुवात 1914 पासून किंवा हेगच्या परिषदेपासून करण्याची जी सवय कुक्कुटपालनाच्या पुस्तकांना लागली आहे, ती सोडून बिओबिओच्या दक्षिणेपासून आणि अंडी बसवणाऱ्या घरांपासून सुरुवात करायला हवी. संकर, प्रवास, परिषदा आणि चषक हा सगळा त्या प्रकरणाचा उत्तरार्ध आहे.